गादी भरलीय की माणूस गुंतलाय?

मे महिन्यातली टळटळीत दुपार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून अण्णांचा फोन आला. “ओ, ते ब्राउझर लई मेमरी खायलंय म्हणं. पोरगं सांगालंय, रॅम टाका. टाकून द्या की एकदाची.”

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा कानावर येतं आणि ते खोटं नसतं. फक्त अर्धं असतं. ब्राउझरमधलं नेमकं कोण खातंय, आणि खातंय ते मेमरी की प्रोसेसर, हे बघायच्या आधीच रॅमचा भाव विचारला जातो. बरं, रॅम टाकून पुष्कळदा चार दिवस बरंही वाटतं, त्यामुळे ही सवय काही सुटत नाही.

अण्णांकडे जायच्या आधी जरा चाटी गल्लीतल्या साड्यांच्या दुकानात जाऊन येऊ.

लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्यांना हे दृश्य पाठ आहे. पांढऱ्या गादीवर चार बायका, कडेला कंटाळलेले दोन पुरुष, आणि समोर सेल्समन एकामागून एक साड्या उलगडून टाकतोय. दाखवलेली साडी तो लगेच घडी घालून ठेवत नाही. का, तर पाच मिनिटांनी “ती मघाची मोरपंखी दाखवा बरं परत” असं कुणीतरी म्हणणार हे त्याला ठाऊक असतं. साडी गादीवर पडलेली असली की नुसता हात लांब करायचा. माळ्यावर गेली की पोऱ्याला पाठवा, जिना चढा, गठ्ठा शोधा.

ही गादी म्हणजे रॅम. माळा म्हणजे हार्ड डिस्क. आणि तो सेल्समन म्हणजे प्रोसेसर.

यातली पहिली गोष्ट अशी की गादी साड्यांनी भरलेली दिसणं हा काही दोष नाही. गादी असते कशाला? ब्राउझर मुद्दाम चित्रं, पानं, आधी केलेली कामं रॅममध्ये पसरून ठेवतो, म्हणजे मागचं पान पुन्हा मागितलं की चटकन हजर. आठ जीबीपैकी सहा वापरात दिसले म्हणून कासावीस व्हायचं कारण नाही.

पंचाईत होते ती गादी काठोकाठ भरल्यावर. मग नवीन साडी दाखवायची तर जुनी वर पाठवायची. तीच पुन्हा मागितली की खाली आणायची आणि दुसरी वर पाठवायची. पोऱ्याचं दिवसभर जिना चढणं-उतरणं चालू. विंडोज हेच करतं. रॅम संपत आली की त्यातला काही भाग डिस्कवरच्या पेजफाईल नावाच्या जागेत नेऊन टाकतं आणि लागेल तसा परत आणतं. रॅममधली गोष्ट प्रोसेसरला साधारण शंभर नॅनोसेकंदांत मिळते. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला नेमक्या जागी सुई न्यायलाच दहा मिलिसेकंद लागतात. सुमारे लाखपट फरक. माऊस अडखळतो, खिडकी पांढरी पडते, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून येतं, ते या जिन्यापायी.

दुसरी तक्रार वेगळीच. गादी अर्धी रिकामी आहे, पण एक बाई एकाच साडीचा पदर पुन्हा पुन्हा उलगडायला लावतायत. सेल्समन त्यांच्यातच अडकलाय, बाकीची गिऱ्हाइकं ताटकळलीत. इथे गादी कितीही मोठी करा, उपयोग शून्य. हा प्रोसेसरचा प्रश्न. रॅम टाकून तो सुटत नाही आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात.

तेव्हा पहिला प्रश्न एवढाच: गादी भरलीय की माणूस गुंतलाय? उत्तर फुकट मिळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क असे टक्के दिसतात. मेमरी नव्वदच्या पुढे आणि डिस्क शंभराला चिकटलेली असेल, तर पोऱ्या जिन्यावर आहे. मेमरी निवांत आणि सीपीयू नव्वद-शंभर, तर सेल्समन अडकलाय. मेमरी ऐंशी टक्के दिसतेय पण डिस्क शांत आहे, काम सुरळीत चाललंय, तर खिडकी बंद करा आणि आपल्या कामाला लागा.

अण्णांच्या मशीनवर दोन्ही होतं. मेमरी ९४, डिस्क १००, सीपीयू ९०च्या घरात नाचतोय. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, जुनी तबकडीवाली डिस्क. खुर्चीत हिशेब बघणाऱ्या अक्का. त्यांनी मला बघताच सांगून टाकलं, “मी काय केलं नाही हं, आपोआप झालंय.” हे वाक्यही आठवड्यातून चार-पाचदा ऐकतो.

टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरच्या नावापुढचा बाण उघडला तर खाली पंचवीस-तीस ओळी एकाच नावाच्या. अण्णा दचकले. “एवढे कशाला उघडलेत?” बऱ्याच जणांना हा व्हायरस वाटतो, म्हणून ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो.

विंडोज प्रत्येक चालू कामाला मेमरीत स्वतंत्र जागा देतं, त्या कामाला प्रोसेस म्हणतात. पूर्वी अख्खा ब्राउझर एकाच प्रोसेसमध्ये चालायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून एकच लांबलचक गादी. मेमरी कमी लागायची, पण एका पोराने गादीवर चहा सांडला की सगळ्यांनाच उठावं लागायचं. एक पान अडकलं की पूर्ण ब्राउझर बंद, अर्धवट लिहिलेली मेल गेली. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला तो वेगळी मांडणी घेऊन. टॅबला आपली वेगळी प्रोसेस, एक्स्टेन्शनला (ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला) वेगळी, चित्र रंगवणाऱ्या जीपीयूच्या कामाला वेगळी. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र गादी, मध्ये पडदा. एकीकडे चहा सांडला तर तेवढीच गादी बदलायची. फायरफॉक्सही २०१६ पासून याच वाटेने आला. आजचा एज तर क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभा आहे.

पडद्यांना जागा लागते. प्रत्येक प्रोसेसला जावास्क्रिप्ट (पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा) चालवायचं यंत्र वेगळं, बाकीचं सामानसुमान वेगळं. त्यात जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाऊन ही प्रोसेसरमधली भोकं जगासमोर आली. स्पेक्टरमुळे एका वेबसाइटचा कोड त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटची माहिती चोरून वाचू शकेल, अशी भीती होती. मग त्याच वर्षी क्रोमच्या ६७ व्या आवृत्तीपासून वेगवेगळ्या साइट्सना सक्तीने वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये बसवायला सुरुवात झाली. त्यापायी मेमरी दहा ते तेरा टक्के जास्त लागते, हे गूगलनेच सांगितलं होतं. तुमच्या बँकेचं पान आणि शेजारच्या टॅबमधली कसलीतरी जाहिरात एका गादीवर बसू नयेत म्हणून हे भाडं आपण भरतो. माझ्या मते ते भरावंच. ‘सिंगल प्रोसेस करा, रॅम वाचेल’ असे नुसखे फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका.

विंडोजच्या टास्क मॅनेजरला मात्र पडद्याआड कोण बसलंय ते कळत नाही. त्याला सगळ्या गाद्या सारख्याच. कुठल्या गादीवर कोण, हे ब्राउझरलाच विचारावं लागतं, आणि ते विचारायची सोय त्याच्यातच असते. ब्राउझरची खिडकी समोर असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. क्रोम, एज, फायरफॉक्स, तिन्हींत चालतं. नाहीच चाललं तर मेनूत ‘मोअर टूल्स’मध्ये टास्क मॅनेजर सापडेल. जन्मभर ब्राउझर वापरलेल्या माणसांनीही ही खिडकी पाहिलेली नसते. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही दोन बटणं ठेवा.

अक्कांच्या मशीनवर ती उघडली. ‘मेमरी फूटप्रिंट’ या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड ओळ वर येते. वर आला सकाळपासून उघडा असलेला मेलचा टॅब, साडेपाचशे एमबी. त्याखाली एका बातम्यांच्या साइटचं पान, आणि त्याच्यापाठोपाठ ‘सबफ्रेम’ नावाच्या नऊ ओळी. सबफ्रेम म्हणजे त्या पानात दुसरीकडून आणून बसवलेले तुकडे: जाहिराती, आपोआप चालू होणारा व्हिडिओ, कॉमेंटची चौकट. साइट्स वेगळ्या म्हणून प्रोसेसही वेगळ्या. म्हणजे अक्कांनी उघडली एक बातमी, गादीवर येऊन बसली दहा बिऱ्हाडं. ती बातमीही उजनीच्या पाणीसाठ्याची, चार ओळींची.

टॅब एकूण एकतीस. त्यात ई-वे बिलाची पानं सहा. “बंद केलं की परत सापडत नाही,” अक्का म्हणाल्या. हे कारण मला अगदी पटतं. माणूस टॅब उघडे ठेवतो तो आठवण म्हणून. त्याला ‘टॅब कमी करा’ असा उपदेश करणं म्हणजे टेबलावरच्या चिठ्ठ्या फेकून द्या म्हणण्यासारखं आहे. सोपं असं की ती पानं बुकमार्कपट्टीवर ठेवायची, किंवा ब्राउझरलाच पडून असलेल्या टॅबना झोपवायला सांगायचं. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी सेव्हर’ आहे, २०२२ च्या अखेरीस आला. एजमध्ये त्याला ‘स्लीपिंग टॅब्ज’ म्हणतात. टॅब वरच्या पट्टीत दिसत राहतो, पण त्याची साडी घडी घालून ठेवलेली असते. क्लिक केलं की क्रोममध्ये पान नव्याने उतरतं, दोन-चार सेकंद जातात. अर्धवट भरलेला फॉर्म, गाणं चालू असलेला टॅब, चालू असलेलं डाउनलोड यांना क्रोम सहसा हात लावत नाही. तरीही ज्या पानावर दिवसभर काम असतं त्याचं नाव ‘नेहमी जागं ठेवा’ यादीत घालून टाका. फायरफॉक्स विंडोजवर मेमरी संपत आली की आपणहून जुने टॅब उतरवतो, ताज्या आवृत्तीत टॅबवर राइट क्लिक करून स्वतःही उतरवता येतो.

मेलच्या टॅबबद्दल दोन शब्द. सकाळी दोनशे एमबी घेणारं पान संध्याकाळी सहाशेवर का जातं? आजची अशी पानं म्हणजे पानं नसतातच, ती अख्खी सॉफ्टवेअर असतात. दिवसभर नवीन गोष्टी आणत राहतात आणि जुन्या सोडायला विसरतात. ब्राउझरमध्ये एक झाडूवाला असतो, कुणी वापरत नसलेली मेमरी गोळा करणारा. पण पानाने कुठेतरी त्या वस्तूचं टोक धरून ठेवलं असेल तर झाडूवाला तिला हात लावू शकत नाही. याला मेमरी लीक म्हणतात. चूक त्या पानाची, शिव्या ब्राउझरला. उपाय अगदीच साधा: दुपारच्या डब्याआधी तो टॅब एकदा रिफ्रेश करा.

टॅब आवरले, मेमरी ९४ वरून सत्तरीत आली, डिस्क शांत झाली. सीपीयू मात्र जिथल्या तिथे.

आता ‘सीपीयू’ या मथळ्यावर क्लिक केलं. सगळ्यात वर टॅब नव्हताच. वर होतं एक एक्स्टेन्शन, पीडीएफ जोडून देणारं, आणि त्याच्यापुढे आकडा ९९. हलायचं नाव नाही. इथे एक गोम आहे. ब्राउझरच्या या खिडकीत १०० म्हणजे प्रोसेसरचा एक भाग पूर्ण व्यापला. विंडोजच्या खिडकीत १०० म्हणजे सगळे भाग मिळून. अण्णांच्या आय-थ्रीत विंडोजला चार भाग दिसतात, म्हणजे हाच ९९ तिथे साधारण २५ दिसतो. सीपीयूचा आकडा पंचवीसच्या आसपास खुंटीला टांगल्यासारखा स्थिर असेल, तर कुणीतरी एकजण एकाच चक्रात गरगरतोय असं समजा. त्याच त्या साडीचा पदर. ही खूण मला फार उपयोगी पडते, कारण खरं काम करणाऱ्या प्रोग्रामचा आकडा वर-खाली होत राहतो.

ओळ निवडली, ‘एंड प्रोसेस’ दाबलं. पंख्याचा आवाज अर्ध्या मिनिटात उतरला. अक्कांनीसुद्धा मान वर करून बघितलं.

एक्स्टेन्शन ही गोष्ट लोकांना बारीक वाटते. छोटं चित्र, वरच्या कोपऱ्यात. पण बसवताना त्यांपैकी पुष्कळजण ‘सर्व वेबसाइटवरची तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी मागतात आणि आपण वाचायच्या आधीच हो म्हणतो. मग उघडलेल्या प्रत्येक पानात ते शिरतं. तीस टॅब असतील तर तीस ठिकाणी. एखादं चांगलं एक्स्टेन्शन बनवणाऱ्याने विकून टाकलं आणि नव्या मालकाने त्यात जाहिराती घुसवल्या, असंही होतं. अक्कांकडे अकरा निघाली. दोन त्यांना ओळखू आली. बाकीची ‘आपोआप’.

संशय एक्स्टेन्शनचाच आहे का, हे ताडायला सोपी युक्ती: तेच पान इनकॉग्निटो (म्हणजे खासगी) खिडकीत उघडा. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर क्रोममध्ये तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथे पान झरझर चाललं तर दोषी कुठलंतरी एक्स्टेन्शनच आहे. मग एकेक बंद करत जायचं, ‘रिमूव्ह’ नंतर, आधी नुसतं बंद. काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या दिवशी परत आलं, किंवा सेटिंग्जमध्ये ‘तुमच्या संस्थेमार्फत नियंत्रित’ असं दिसतंय आणि तुमची तर कुठलीच संस्था नाही, तर मामला एक्स्टेन्शनपुरता राहिलेला नाही. मशीनमध्ये काहीतरी घुसलंय, तिथे अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा.

प्रोसेसर दुसऱ्यासाठी राबवण्याचा धंदाही होऊन गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा निघाली. साइटवाल्याने तिचा छोटासा कोड पानात टाकायचा, आणि पान बघायला आलेल्याच्या प्रोसेसरवर मोनेरो हे आभासी चलन खणलं जायचं. वीजबिल तुमचं, कमाई त्याची. मार्च २०१९ मध्ये ती बंद पडली. पण एखादं पान बंद केल्याबरोबर पंखा गप्प होत असेल, तर ते पान पुन्हा उघडायच्या आधी विचार करा.

व्हिडिओचं थोडं वेगळं आहे. यूट्यूब व्हिडिओ दाबून, गुंडाळून पाठवतं. गुंडाळायच्या पद्धती नवनव्या येतात, व्हीपी-नाइन, एव्ही-वन. जितकी नवी, तितका डेटा कमी पण उलगडायचे कष्ट जास्त. नव्या मशीनमध्ये हे उलगडायला वेगळा खास भाग असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एव्ही-वनसाठी तो अकराव्या पिढीपासून आला. चौथ्या पिढीच्या आय-थ्रीत तो कुठून असणार? तिथे सगळं प्रोसेसरने हाताने उलगडायचं. अशा मशीनवर व्हिडिओचा दर्जा १०८० वरून ४८० वर आणा. छोट्या खिडकीत फरकही कळत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली असं काम त्या खास भागाकडे सोपवणारं ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण असतं, ते एरवी चालूच ठेवा. व्हिडिओवर हिरवे पट्टे येत असतील, स्क्रीन झगमगत असेल, तरच बंद करून बघा.

त्याच सिस्टिमच्या पानावर ‘ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीवर ॲप्स चालू ठेवा’ असं एक बटण आहे. ते बंद करा. दुकानाचं शटर ओढल्यावर आत लाइट कशाला?

जे करू नका ते सांगतो. कॅशे, म्हणजे आधी पाहिलेल्या साइट्सचं साठवलेलं सामान, पुसल्याने रॅम मोकळी होत नाही. कॅशे मुख्यतः डिस्कवर असते, माळ्यावरचा माल आहे तो. पान मोडकंतोडकं दिसत असेल तर जरूर पुसा, पण रोज सकाळी पुसत बसलात तर प्रत्येक साइटचं सगळं सामान नव्याने डाउनलोड होणार, म्हणजे उलट उशीरच. आणि ‘रॅम क्लीनर’, ‘स्पीड बूस्टर’ वगैरे नावांची सॉफ्टवेअर. ती काय करतात, तर गादीवरच्या साड्या ढकलून माळ्यावर पाठवतात. आकडा छान दिसतो, हिरवं वर्तुळ येतं. दोन मिनिटांनी त्याच साड्या खाली आणायला पोऱ्या धावतो. माझ्याकडे येणाऱ्या मंद मशीनपैकी बऱ्याच जणांत असले दोन-तीन बूस्टर आधीच बसलेले असतात.

अण्णांकडे एवढं सगळं झालं आणि मी निघायच्या तयारीत होतो. तेवढ्यात पंखा पुन्हा घरघरला. ब्राउझरमध्ये एकच टॅब, एक्स्टेन्शन बंद, तरीही सीपीयू ८० च्या वर. हे जमत नव्हतं.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ टॅबवर सीपीयू निवडला की खाली दोन आकडे दिसतात. ‘बेस स्पीड’ म्हणजे प्रोसेसरचा ठरलेला वेग, आणि ‘स्पीड’ म्हणजे या क्षणीचा. काम नसताना दुसरा आकडा कमी असणं साहजिक आहे. पण कामाचा ताण असताना तो ठरलेल्या वेगाच्या बराच खाली असेल तर प्रोसेसर कुठेतरी गुदमरतोय. अण्णांच्या मशीनचा ठरलेला वेग ३.४ गिगाहर्ट्झ, आणि ताणात चाललं होतं १.६ वर. निम्म्याहून कमी.

कॅबिनेटची बाजू उघडली. आत प्रोसेसरवरचा पंखा दिसलाच नाही. दिसली ती पांढरी, मऊ, दाबून बसलेली कापसाची गादी. ऑफिसच्या भिंतीपलीकडे माग चालतात. टॉवेलच्या सुताचा बारीक तंतू हवेत असतोच, अक्कांच्या केसांवरही असतो. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर तंतू ओढतो, आणि तो खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसतो. साध्या धुळीचा थर भुसभुशीत असतो, फुंकर मारली तर उडतो. सुताचा थर विणल्यासारखा बसतो. चिमटीत धरून मी तो अख्खा उचलला तर पट्ट्यांचे ठसे उमटलेला चौकोनी तुकडा हातात आला, जवळजवळ टॉवेलचाच नमुना. अण्णांनी तो हातात घेऊन बघितला. “आपलंच सूत की!”

प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतः कमी करतो. मग जे काम आधी तो तीस टक्क्यांत उरकत होता त्याला सत्तर टक्के लागतात. बाहेरून दिसतं काय, तर ब्राउझर प्रोसेसर खातोय. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत त्याहून चढ. म्हणजे तापायची सुरुवातच तिथून. पूर्व भागातल्या घराघरांतून माग चालतात, तिथल्या मशीनवर ब्राउझर उघडायच्या आधी मी कॅबिनेट उघडावं असं आता ठरवलंय. तुम्हाला घरी करायचं तर वायर काढून, कोरडा रंगाचा ब्रश आणि ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू दिलं तर पंखा बिघडतो. मागाच्या शेजारी असाल तर महिन्यातून एकदा, एरवी सहा महिन्यांनी. लॅपटॉपवाल्यांनी गादीवर किंवा चादरीवर मशीन ठेवून काम करू नये, हवेची जाळी खालच्या बाजूला असते. आपली चादर ऊब धरून ठेवण्यासाठीच नावाजलेली आहे, ती माणसांनाच पांघरावी.

साफ केल्यावर वेग ३.४ वर आला. सीपीयू वीस-पंचवीस टक्क्यांत खेळायला लागला.

मग रॅम लागतच नाही का? लागते की. चार जीबीत विंडोज आणि अँटिव्हायरसच निम्म्याहून जास्त जागा घेऊन बसतात, उरलेल्यात आजची वेबसाइट मावणं अवघड. रोज पंधरा-वीस टॅब लागणाऱ्याला आठ जीबी हवीच, आणि तबकडीवाल्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क हवी. दोन्हीपैकी एकाचेच पैसे असतील तर जिथे मेमरी सारखी नव्वदच्या वर जाते तिथे रॅम आधी, नाहीतर एसएसडी आधी. पण मशीनचं वय बघा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलची साधारण आठव्या पिढीच्या आधीची मशीनं अधिकृतपणे घेत नाही. विंडोज ७ वर तर क्रोमची १०९ वी आवृत्ती ही शेवटची, जानेवारी २०२३ ची. अशा मशीनवर मोठा खर्च करू नका असं मी तोंडावर सांगतो, मग गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल. अण्णांना जुनी डीडीआर-थ्री रॅम चार जीबीची एक टाकून दिली, एसएसडी नव्या मशीनसाठी राखून ठेवा म्हटलं.

बिल बघून अण्णांनी विचारलं, “कापूस काढायचेबी पैसे लावला व्हय?”

अक्कांचं वेगळंच चाललं होतं. ते पीडीएफवालं एक्स्टेन्शन त्यांना रोज लागतं, दहा बिलं जोडून सीएकडे पाठवायला. ते काढलंत तर आता जोडू कशात? त्यांना ऑफलाइन चालणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर गुरुवारी बसवून द्यायचं कबूल केलंय.